चिपमधलं मनमाड यार्ड

अन्याय झाला तो रघुनाथ सोनवणे यांच्यावर. वय चौऱ्याहत्तर, राहणार मनमाड, रेल्वेतले निवृत्त केबिनमन, म्हणजे केबिनमध्ये लिव्हर ओढून रूळ आणि सिग्नल बदलणारे. झाला कधी, तर यंदाच्या जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, नाशकातल्या एका अधिकृत सेवा केंद्राच्या काउंटरवर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण सोनवणेकाका कुठंही सही केली की तिच्याखाली वेळ टाकतात. नोकरीतली सवय. फॉर्म इंग्रजीत होता, सही मराठीत, खाली ११.४०.

त्या सहीनंतर पस्तीस मिनिटांत त्यांचं नऊ वर्षांचं काम नष्ट झालं. नियमाप्रमाणे झालं, एसीत झालं, 'थँक यू सर' म्हणून झालं. ते कसं झालं ते इथं लिहिते आहे. त्यात माझा वाटा आहे, तोही लिहिते आहे. तो लहान नाही.

आधी धंदा समजून घ्या. मी व्हिडिओ गेमची जुनी मशीनं दुरुस्त करते. टीव्हीला जोडायचा डबा, हातात धरायचा रिमोट, पडद्यावर गाड्या पळतात नाहीतर माणसं मारामाऱ्या करतात, ते. शालिमारजवळच्या एका बोळात माझा गाळा आहे. पाटी आहे, तरी येणारा माणूस मला ओलांडून आत बघतो. "मिस्त्री कुठंय?" "जेवायला गेलाय," असं मी सांगते, डबा उघडते, काम करून देते. निघताना तो विचारतो, "मिस्त्री आला नाही का अजून?"

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं लिहा. मी लिहायला शिकले ते कॉलेजात, पत्रकं लिहून. वसतिगृहाचं पाणी, एसटीचे पास, परीक्षा फी. पत्रकाला अर्धं पान असतं, त्यात हलकं काही मावत नाही. तेव्हा जमेल तेवढं शांतपणे लिहिते.

माझ्याकडे येणारी मशीनं दहा-पंधरा वर्षांची असतात. पंखा जाम होतो, धुळीचा जाड थर बसतो, झुरळं संसार मांडतात, कारण डबा उबदार असतो. खंडेनवमीला कुणीतरी भक्तिभावानं हळद-कुंकू वाहतं आणि ते जाळीतून थेट बोर्डावर जातं. हे सगळं दुरुस्त होतं. दुरुस्त होत नाही ती साठवण. डब्याच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. तुम्ही खेळात जे मिळवलं, जे बांधलं, ते सगळं तिच्यात राहतं. बाकी मशीन म्हणजे नुसतं घर. माणूस तिथं, त्या नखात.

ही चिप दोन प्रकारे मरते. एक, वापरून. रफ वहीच्या पानावर एकाच जागी लिहा, खोडा, लिहा, खोडा. शेवटी पान फाटतं. दर वेळी सेव्ह करणं म्हणजे एक खोडणं आणि एक लिहिणं. दोन, न वापरून. चिपमधली माहिती म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली वीज. मशीन वर्षानुवर्षं बंद राहिलं तर ती माठातल्या पाण्यासारखी झिरपत जाते. माझे वडील मखमलाबादला शेवंती लावतात. माल नासतो हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण डब्यातली माहिती नासते हे लोकांना पटत नाही. डबा तर चकचकीत दिसतो ना.

गंगापूर रोडच्या एका बाईंनी परदेशी गेलेल्या मुलाचं मशीन सहा वर्षं साड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात डांबरगोळ्या, बाहेरून रेशमी दोरी. मशीन सुरू झालं आणि म्हणालं, मला काही आठवत नाही.

"अहो, पण एकदाही लावलं नाही मी. इतकं जपलं."

"म्हणूनच गेलं."

बाईंनी रेशमी दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "म्हणजे काय, लोणचं आहे का हे, मधूनमधून हलवायला?"

"लोणचंच समजा, काकू."

त्या काही मला खोटं पाडायला आल्या नव्हत्या. वस्तू जपायची म्हणजे गुंडाळून वर ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक आपण रिमोट मरेपर्यंत काढत नाही. या एका वस्तूला तेच मारक आहे, आणि हे सांगण्याचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते पुस्तिकेत कुठंही छापलेलं नाही.

म्हणून मी पत्रक काढलं. दोन वर्षं झाली. मथळा होता, 'तुमचं मशीन मरतंय!' खाली चार नियम. दोन-तीन महिन्यांतून एकदा तासभर चालू करा. बंद करताना मेनूतून करा, भिंतीवरचं बटण दाबून नको. हवा खेळती ठेवा. आणि चौथा नियम : 'खेळताना वरचेवर सेव्ह करा. सेव्ह केलेलंच वाचतं.' हा मी घातला कारण मधेच वीज जाऊन लोकांचं खेळलेलं जायचं. चिप झिजते हे मला माहीत होतं. पण पत्रकात 'वरचेवर' लिहिलं की माणूस दहादा वाचून एकदा करतो, असा माझा अनुभव. सोनवणेकाकांशी तेव्हा ओळख नव्हती.

ओळख झाली यंदा मार्चमध्ये. भर दुपारी एक उंच, ताठ म्हातारा गाळ्याच्या पायरीवर उभा राहिला. हातात पिशवी नाही, मशीन नाही. खिशातून एक डायरी काढली.

"मिस्त्री तुम्हीच ना? तुमचं पत्रक हाय माझ्याकडं."

मी खुर्ची दिली. आत न डोकावता मलाच मिस्त्री म्हणणारा हा पहिला माणूस.

"मशीनला काय होतंय?"

त्यांनी डायरी डोळ्यांच्या अगदी जवळ धरली आणि वाचली. "सेव्ह व्हायला दिवाळीपर्यंत चार सेकंद. संक्रांतीला सात. काल अकरा. मधी दोन वेळा थांबून पुन्हा झालं. गाडी अशी लेट व्हायला लागली की रुळात काहीतरी हाय, एवढं मला कळतं."

इंजिनिअर झालेली गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात आणि 'हँग होतंय' एवढंच सांगतात. या माणसानं मनगटावरच्या घड्याळानं चिपची नाडी घेतली होती. निदान करायला मला डबा उघडायचीही गरज नव्हती. सेव्ह करायला वेळ लागतो म्हणजे चिप फाटलेली पानं ओलांडून कोरं पान शोधत असते. कोरी पानं संपत आली की वेळ वाढतो. मग एक दिवस सापडतच नाही.

"काका, मशीन लगेच इथं आणा."

"नाय जमणार. ते ड्युटीवर हाय."

"दोन-तीन दिवसांचं काम आहे फक्त."

"तीन दिवस केबिन कोण बघंल? रिलीव्हर आल्याशिवाय चार्ज सोडत नाय आपण."

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत. पुढच्या रविवारी मीच मनमाडला गेले.

स्टेशनामागं दोन खोल्यांचं घर. टीव्हीसमोर लाकडी खुर्ची, शेजारी स्टुलावर डायरी, पेन, घड्याळ. काकूंनी दार उघडलं. "या. बघा बाई तुम्हीच काय ते. सकाळी सहा ते दुपारी दोन ड्युटी. जेवायला हाक मारली तर म्हणत्यात मालगाडी उभी हाय. अडतीस वर्षं खरी गाडी होती, तेव्हा येत नव्हते. आता खोटी हाय, तरी येत नाय."

"तिला सांगा," काका पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "गुड्स लूपला, बाजूच्या रुळावर, घेतली की येतो."

मशीन नातवाचं. तो पुण्याला नोकरीला गेला, डबा मागं राहिला. त्यात रूळ टाकायचा, सिग्नल लावायचा, गाड्या चालवायचा एक खेळ होता. काकांनी नऊ वर्षांत त्यात मनमाडचं यार्ड बांधलं होतं. आजचं नाही. त्यांच्या ड्युटीतलं. कुठली लाइन कुठल्या लाइनीला कुठं मिळत होती, कुठं मालगाडी बाजूला घ्यायची, कुठं इंजिन पाणी प्यायला थांबायचं ती जागा, केबिनच्या जिन्याशी कडुनिंब. ती केबिन पुढं पाडली. आता बटणांवर चालतं सगळं, लिव्हर ओढायची केबिन लागत नाही.

"फोटो नाही का काढलात कुणी?"

"मोबाइल होते की हातात. सुचलं नाय कुणालाच. रोज जिथं जातो तिथला फोटो काढतो का माणूस?"

म्हणजे ते यार्ड आता दोनच ठिकाणी होतं. एक काकांच्या डोक्यात आणि एक त्या नखाएवढ्या चिपमध्ये. आणि काकांना काचबिंदू आहे. औषधाचे थेंब चालू आहेत, गेलेलं परत येत नाही. मला म्हणाले, "नवा रूळ टाकायला आता डोळे नाय माझे. जुने दिसत्यात, कारण कुठं हायेत ते मला म्हाईत हाय." एवढंच म्हणाले आणि गाडी सोडायला सिग्नल पाडला.

गाडी गेली. काकांनी रिमोटचं एक बटण दाबलं, मेनू उघडला, सेव्ह. घड्याळ बघितलं, डायरीत आकडा टाकला. पुढची गाडी. सेव्ह. मी चहा संपवेपर्यंत पाच वेळा.

"काका, हे दर गाडीला करता?"

त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. टीव्हीच्या वर माझं पत्रक चिकटवलेलं होतं. चौथ्या नियमाखाली लाल शाईची रेघ.

"आधी दिवसातून एकदाच करायचो, ड्युटी संपली की. हे पत्रक पुतण्यानं नाशकातनं आणलं, मग म्हटलं आपलंच चुकत होतं. केबिनमधी प्रत्येक गाडीची नोंद लागते. नोंद नाय तर गाडी गेलीच नाय. तुमचा नियम आमच्या नियमाला धरूनच हाय."

दिवसाला एक नोंद करून ते मशीन सात वर्षं सुखात चाललं होतं. माझं पत्रक भिंतीवर लागल्यापासून दोन वर्षांत ते या अवस्थेला आलं. दुसऱ्या कुठल्याही माणसानं तो नियम इतका पाळला नसता. पण नियम लिहिणाऱ्याला हे म्हणायची सोय नाही.

मी सांगितलं. खोडरबर, वही, पान, सगळं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हंजे नियम चुकीचा होता," काका म्हणाले.

"हो."

"मग करेक्शन स्लिप काढायला पायजे. आमच्यात नियम बदलला की जुन्या पुस्तकात चिठ्ठी डकवायचे."

"काढते," मी म्हणाले. तोवर त्यांनी दिवसाला एकदाच सेव्ह करायचं ठरलं. शेवटची गाडी गेल्यावर. काकांनी लाल पेनानंच चौथ्या नियमावर फुली मारली. काकू म्हणाल्या, "आमचं कधी इतकं ऐकलं नाय ओ."

आता उपाय काय होता ते सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. या मॉडेलमध्ये जपलेला खेळ दुसरीकडं हलवता येत नाही. कंपनीच्या इंटरनेटवरून हलवता यायचा, ती सोय कंपनीनं बंद केली. चिपमधली सगळी माहिती कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या मुख्य प्रोसेसरमध्ये असते. प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी. त्यामुळं चिप एकटी काढून दुसऱ्या मशीनला लावली तर उपयोग शून्य. पण चिप मरायच्या आत तिच्या पायांना केसाएवढ्या सहा तारा डकवून आतलं सगळं जसंच्या तसं, कुलपासकट उतरवून घेता येतं. मग मरू घातलेली चिप काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, उतरवलेलं तिच्यावर चढवायचं. बोर्ड तोच, किल्ली तीच. मशीनला कळतही नाही की त्याची चिप बदलली. हे काम मी बऱ्याचदा केलं आहे. मायक्रोस्कोप लागतो, स्थिर हात लागतो, आणि म्हाताऱ्या चिपला वाचायला दोन दिवस लागतात, कारण ती अडखळत वाचते.

थोडक्यात, जुनी चिप आणि जुना बोर्ड, ही दोन हाताशी असली की आशा असते. यातलं एक गेलं की नाही.

काकांची अट साधी होती. त्यांचं मशीन माझ्याकडं असेल तेवढे दिवस त्याच मॉडेलचं दुसरं मशीन त्यांच्या टीव्हीखाली पाहिजे. त्यात छोटं का होईना, दोन रुळांचं स्टेशन पाहिजे. मी हो म्हटलं. असा रिलीव्हर, म्हणजे बदलीचं मशीन, शोधायला मला अडीच महिने लागले. एप्रिल-मे आमचा सीझन, सुट्टीत पोरं मशीनं फोडतात. मी त्यातून वेळ काढायला हवा होता. काढला नाही. शेवटी नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरी तेच मॉडेल मिळालं. उघडलं तर आत कांद्याचे पापुद्रे. साफ केलं, चालू केलं, दोन रुळांचं स्टेशन टाकलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात रिलीव्हर माझ्या फळीवर तयार होता. मंगळवारी दुपारी मनमाडला जायचं ठरलं.

आधीच्या रविवारी मी सुरगाण्याला गेले. तिथल्या एका शाळेत देणगीचे संगणक खोक्यांत पडून होते, ते चालू करायचे होते. डोंगरात फोनला रेंज नाही. गाळ्यावर कागद लावून गेले, 'मंगळवारी उघडेल.'

रविवारी संध्याकाळीच काकांचं मशीन म्हणालं, साठवण वाचता येत नाही. काकांनी मला सात फोन केले. सोमवारी सकाळी मशीन टॉवेलात गुंडाळून, पुतण्याला घेऊन ते नाशकात आले. माझ्या पायरीवर तासभर बसले. पुतण्याची अर्ध्या दिवसाची रजा होती. तो म्हणाला, "काका, कंपनीचं अधिकृत सेंटर हाय जवळच, तिथं टाकू. कंपनीवाले जास्त जाणतात का बोळातली बाई?" त्याला मी दोष देत नाही. बहुतेक लोक हेच म्हणतात.

सेंटरमध्ये काय बोलणं झालं ते काकांनी मला शब्दन् शब्द सांगितलं.

"सर, बोर्ड बदलावा लागेल. आजच मिळेल."

"आतलं सगळं राहील ना?"

"सर, सगळं नवीन होईल. काळजीच नाही."

काकांनी विचारलं एक, उत्तर आलं दुसऱ्याचं. समोरचा गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा खोटं बोलला नाही. त्याला जे पाठ करून दिलं होतं ते बोलला. फॉर्म पुढं सरकवला. फॉर्मवर बारीक अक्षरात तीन ओळी होत्या : साठवलेल्या माहितीची जबाबदारी आमची नाही, काढलेला भाग कंपनीच्या मालकीचा, तो नष्ट करण्यात येईल. इंग्रजीत. काचबिंदू झालेल्या माणसाला. काकांनी सही केली, वेळ टाकली.

मंगळवारी सकाळी मी गाळा उघडला आणि फोन वाजला.

"पोरी, मशीन चालू झालं. यार्ड दिसत नाय."

मी विचारलं, "जुना बोर्ड कुठंय?" इतक्या जोरानं विचारलं की समोरचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

"दिला नाय त्यांनी. मागायचा असतो का?"

अर्ध्या तासात मी सेंटरवर होते. मॅनेजर सभ्य होता. सभ्य माणसांशी भांडणं अवघड जातं.

"मॅम, पॉलिसी आहे. जुना बोर्ड एक्स्चेंजमध्ये जातो."

"कुणाच्या मालकीचा बोर्ड? विकत कुणी घेतला होता?"

"मॅम, कस्टमरनं साइन केलंय."

"कस्टमरला दिसत नाही. तुम्ही वाचून दाखवलंत?"

"मॅम, फॉर्म हेड ऑफिसकडून येतो."

मी बोर्ड दाखवा म्हटलं. दाखवता येणार नाही. कुठं आहे? स्टोअरमध्ये. शुक्रवारी गाडी येते, मग जाईल. म्हणजे बोर्ड अजून इमारतीत होता. मी बाहेर पायरीवर बसले. बुधवारी पत्रकं छापून आणली, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिली : 'आत जुना बोर्ड मागा.' काही लोकांनी मागितला. त्यांना सेंटरमधले दोघं-तिघं समजावत बसले. गुरुवारी दुपारी मॅनेजर स्वतः बाहेर आला आणि 'अपवाद म्हणून' असं म्हणत एक चंदेरी पिशवी माझ्या हातात ठेवली. माझी सही घेतली. मी सहीखाली वेळ टाकली.

पिशवी मी तिथंच, पायरीवर उघडली. बोर्ड काकांचाच होता, मागं नातवानं चिकटवलेलं स्टिकर होतं. चिपही जागेवर होती. चिपच्या बरोबर मधोमध ड्रिलनं पाडलेलं भोक होतं. आरपार. त्यातून रस्ता दिसत होता.

मी आत गेले. ड्रिल करणारा मुलगा विशीतला, अंबडचा. त्यानं रजिस्टर दाखवलं. सोमवार, बोर्ड क्रमांक, 'डेटा नष्ट', १२.१५.

"कशासाठी करता हे?"

"ताई, कस्टमरच्या प्रायव्हसीसाठी. दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको ना त्यांचा डेटा." मग हळू आवाजात विचारलं, "का, त्यातनं काही निघालं असतं का?"

"कदाचित."

"आम्हाला ट्रेनिंगमध्ये नाही सांगितलं."

माझ्या हाती चिप अख्खी आली असती तर यार्ड नक्की वाचलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फार झिजलेली होती. पण अशा चिपांमधून मी आजवर बरंच काही उतरवून घेतलं आहे. भोक पडलेल्या चिपमधून कुणीच काही काढू शकत नाही, मीही नाही. माणसाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून ती त्याच्याच हाती पडू द्यायची नाही, हे गोपनीयतेचं रक्षण मला अजून समजलेलं नाही.

शुक्रवारी मी रिलीव्हर घेऊन मनमाडला गेले. काका खुर्चीत होते. टीव्ही बंद. काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या दिवशी काही टोमणा मारला नाही.

मी बोर्ड त्यांच्या हातात दिला. बघून त्यांना काही दिसलं नसतं. त्यांनी बोटानं चाचपला, कडेकडेनं, आणि बोट भोकापाशी थांबलं.

"इथं होतं का यार्ड?"

"हो."

"सगळं? निंब, केबिन, सगळं?"

"हो काका."

बराच वेळ बोट तिथंच होतं. मग बोर्ड मला परत देत म्हणाले, "केबिन पाडली तेव्हा निदान आधी नोटीस लावली होती."

मी माफी मागितली. पत्रकासाठी, अडीच महिन्यांसाठी, 'मंगळवारी उघडेल' या कागदासाठी. ते म्हणाले, "तुमची चूक डायरीत हाय, ती मी खोडणार नाय. पण तुम्ही आला होतात, तेबी डायरीत हाय." मला हे पुरेसं वाटत नाही. त्यांना वाटतं.

त्यांनी सेंटरला अर्ज लिहिला, पुतण्याच्या हातानं. भरपाई मागितली नाही. एवढंच मागितलं की फॉर्मवर मोठ्या अक्षरांत, मराठीत एक ओळ छापा : 'तुमचं आतलं सगळं जाईल आणि परत मिळणार नाही.' उत्तर आलं की फॉर्ममध्ये बदल करण्याचा अधिकार या शाखेला नाही. ज्यांना अधिकार आहे त्यांचा पत्ता मागितला, त्याला उत्तर नाही.

करेक्शन स्लिप मी काढली. जुनं पत्रक ज्यांना ज्यांना दिल्याचं आठवलं त्यांच्याकडं नेऊन दिली. दिवसातून एकदा सेव्ह करा, जास्त नाही. मशीन हळू व्हायला लागलं तर ते म्हातारपण नाही, ती सूचना आहे. वापर थांबवा आणि चिपची नक्कल करून घ्या. ज्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते तिची नक्कल ती चालू असतानाच करा, कटकट आवाज यायला लागल्यावर नको. हे सगळं करता येतं, अवघड नाही, आणि माझ्यासारखी बोळातली माणसं ते करतात.

काकांच्या टीव्हीखाली आता दोन मशीनं आहेत. नवा बोर्ड टाकलेलं मोकळंच आहे. काका रिलीव्हरवर दोन रुळांचं स्टेशन चालवतात, कारण तिथं काही नवं टाकायला लागत नाही.

आता तुम्ही. हा अंक खाली ठेवा, कपाट उघडा, मुलाचं, नातवाचं, तुमचं स्वतःचं जे मशीन पिशवीत घालून वर टाकलंय ते खाली काढा. आज टीव्हीला जोडा, तासभर चालू ठेवा. आत काय आहे ते त्याच्या मालकाला विचारा. ते मोलाचं असेल तर या महिन्यात नक्कल करून घ्या. आणि कुठल्याही सेवा केंद्रानं तुमच्यापुढं फॉर्म सरकवला तर पेन हातात घेऊन आधी त्यावर तुमच्या अक्षरात, मराठीत लिहा : 'काढलेला बोर्ड न फोडता मला परत द्यावा.' ते मान्य नसेल तर सही करू नका. मशीन उचला आणि बाहेर पडा.